घरी छापलेला स्टिकर बाटलीवर टिकत नाही, नेमकं काय चुकतंय?

रेघोट्या

नमस्कार मंडळी. माझी लेक नऊ वर्षांची आहे आणि तिला पक्ष्यांचं वेड आहे. गेल्या महिन्यात तिने वहीत एक खंड्या काढला. डोक्याच्या मानाने चोच जरा मोठीच, चोचीत आडवा मासा आणि पाठ निळीशार. तो तिला स्वतःच्या पाण्याच्या बाटलीवर हवा होता. मी चित्र स्कॅन केलं, चकचकीत स्टिकर पेपर आणला, घरच्या इंक टँक प्रिंटरवर छापलं, कात्रीने कापलं आणि बाटलीला लावलं. इतकं सुरेख दिसत होतं की ती दिवसभर बाटली हातात घेऊन फिरत होती.

दुसऱ्या दिवशी बाटली धुतली आणि पाठीचा निळा ओघळून माशावर आला. नवल म्हणजे काळ्या रेघा आणि डोळा जसाच्या तसा राहिला. लेक काही बोलली नाही, पण उरलेला स्टिकर तिने नखाने खरवडून काढला. मला ते फार लागलं.

मग ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं व्हिनाइलचं, म्हणजे प्लास्टिकचं, शीट आणलं. या वेळी रंग एकदम वाहिला नाही, पण चार दिवसांत कडेने फिकट होत गेला आणि दोन कोपरे उचलले गेले. शिवाय स्क्रीनवर निळा जसा झळकतो तसा छापून येतच नाही.

आता शाई बदलू, शीट बदलू की लेझर प्रिंटरवर छापून घेऊ? तिने वर्गातल्या २० जणांना स्टिकर द्यायचं कबूल केलंय. कापायचं मशीन घ्यावं का, हेही सांगा.

साडेतीन मिमी

लेझरचं आधी सांगतो, कारण तिथे नुकसान मोठं होतं. तुमच्याकडे उरलेलं व्हिनाइल इंकजेटचं, म्हणजे तुमच्यासारख्या शाईच्या प्रिंटरसाठीचं आहे. ते चुकूनही लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. लेझरचा टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड. ती गरम रोलरखाली वितळवून कागदाला चिकटवतात आणि तो रोलर १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. मी एकदा ऑफिसच्या मशीनमध्ये असं शीट घातलं होतं. ते आत वितळून रोलरला गुंडाळलं गेलं, मशीन तीन दिवस बंद राहिलं आणि पूर्ण रोलर बदलावा लागला. लेझरसाठी वेगळी शीट मिळतात, त्यांच्या पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यावरची छपाई पाण्याने ओघळत नाही, हे मात्र खरं.

बाकीचं मुद्रककाका सांगतील, त्यांची वाट बघा.

जुना मुद्रक

रेघोट्याताई, काळी रेघ राहिली आणि निळा गेला, हे तुम्ही नीट पाहून लिहिलंत म्हणून उत्तर देणं सोपं झालं. घरगुती इंक टँक प्रिंटरपैकी बऱ्याच मॉडेलमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि तिन्ही रंगीत शाया डायच्या. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. तो कागदावरच्या लेपात मुरतो आणि पुन्हा पाणी लागलं की सुटतो. पिगमेंट म्हणजे रंगाचे न विरघळणारे कण. ते एकदा बसले आणि वाळले की साध्या पाण्याने सहसा हलत नाहीत. तुम्ही बहुतेक कागदाचा प्रकार ‘प्लेन पेपर’ ठेवून छापलं असणार. ‘ग्लॉसी फोटो’ निवडलं असतं तर अशा प्रिंटरने काळाही रंगीत शायांतूनच बनवला असता आणि खंड्याचा डोळासुद्धा वाहून गेला असता.

म्हणून डायच्या टाकीत पिगमेंटची शाई ओतायची असा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. प्रिंटरचं हेड ज्या शाईसाठी बनवलंय तीच त्याला द्यावी. दुसरी घातली की नोझल तुंबतात आणि साफ करता करता टाकी रिकामी होते. तुमच्याकडे आहे त्या शाईत हे काम उत्तम होतं.

आता खरी गोष्ट. मी प्रेसमध्ये लेबलांच्या विभागात अनेक वर्षं काढली आणि तिथे एक गोष्ट मनात पक्की बसली: स्टिकर मरतो तो कडेने. मधे त्याला सहसा काही होत नाही. व्हिनाइल स्वतः पाणी पीत नाही, पण इंकजेटची शाई धरून ठेवायला त्यावर जो पातळ लेप दिलेला असतो, तो पितो. पाकिटावरचं ‘वॉटरप्रूफ’ त्या प्लास्टिकपुरतं खरं आहे. वरच्या डाय शाईची हमी त्यात नसते. तुम्ही बहुतेक चित्राच्या अगदी रेघेवरून कापलं असणार. म्हणजे शाई थेट कापलेल्या धारेवर आली, पाणी तिथूनच लेपात शिरलं आणि कडेने रंग घेऊन गेलं. वर पारदर्शक संरक्षक फिल्म लावली असती तरी धार उघडीच राहिली असती.

त्यासाठी दोन गोष्टी करा. चित्राभोवती चहूबाजूंनी ३ मिलिमीटर पांढरी, न छापलेली पट्टी ठेवा. बाजारातल्या स्टिकरांना ती पांढरी किनार असते ना, ती नुसती शोभेची नाही. कापायला सोपं जातं आणि शाई धारेपासून लांब राहते. इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘ट्रेस बिटमॅप’ ने स्कॅनची बाहेरची आकृती बनवून ती निवडा आणि ‘आउटसेट’ करा, की अशी किनार तयार होते. चोचीच्या टोकाशी ती किनार गोल करून घ्या. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलला जातो, मग डिंक कितीही चांगला असो.

दुसरी गोष्ट कोल्ड लॅमिनेशन फिल्म. ही स्वतःच चिकट असते, उष्णता लागत नाही. छापल्यावर शीट रात्रभर उघडं वाळू द्या. बोटाला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही, आत ओल राहते आणि फिल्मखाली धुरकट डाग दिसतात. मग फिल्मचा मागचा कागद एका टोकाने फक्त दोन सेंटिमीटर सोला, ती चिकट पट्टी शीटच्या वरच्या कडेला बसवा आणि डाव्या हाताने खालून कागद ओढत ओढत उजव्या हाताने प्लास्टिकचं जुनं कार्ड दाबत खाली या. कार्डाला मऊ कापड गुंडाळा, नाहीतर चरे उठतात. सगळा कागद एकदम सोलून फिल्म वरून टाकायची नाही. तशी ती जिथे टेकेल तिथेच बसते. बुडबुडा राहिलाच तर बारीक सुईने टोचून कडेकडेने हवा बाहेर काढा.

पहिल्या वेळेला वापरलात तो साधा कागदी स्टिकर पेपर बाटलीसाठी विसरा. त्यावर फिल्म लावली तरी कापलेल्या कडेचा कागद पाणी ओढतोच. वह्या, डबे, फायली यांना तो छान आहे.

रंगाबद्दल. स्क्रीनचा निळा उजेडातून तयार होतो आणि प्रिंटरचा शाईच्या थेंबांतून. झळकता मोरपिशी, पोपटी असे काही रंग शाईत बसतच नाहीत. तुम्ही काही चुकवलेलं नाही. फाइल आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतच ठेवा, घरगुती प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर तशीच अपेक्षा करतं. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत, बदलून दिली तर रंग आणखी मार खातो. फरक पडतो तो कागदाचा प्रकार निवडण्याने. ‘प्लेन पेपर’ वर शाई कमी आणि ढोबळ पडते. ‘मॅट फोटो पेपर’ आणि दर्जा ‘हाय’ ठेवून बघा. चकचकीत व्हिनाइलवर ‘ग्लॉसी’ घेतलं तर कधी कधी शाई जास्त होऊन थारोळं साचतं. एका शीटच्या चार कोपऱ्यांत चार वेगळ्या सेटिंगने छोटा खंड्या छापा, दर वेळी तेच शीट पुन्हा घालून. मात्र त्यातलं काहीही सोलायच्या आधी. एकदा स्टिकर सोललेलं शीट प्रिंटरमध्ये परत घालू नये. उघडा डिंक रोलरला लागतो किंवा उरलेलं लेबल आत सुटून अडकतं.

छापताना ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडा. ‘फिट टू पेज’ राहिलं तर मोजून केलेली किनार बदलते. आणि मूळ चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, स्कॅन करा. ५ सेंटिमीटरच्या स्टिकरला सुमारे ५९० पिक्सेल लागतात. चित्र त्याहून छोटं असेल आणि मोठं करायचं असेल तर ६०० ला स्कॅन करा.

कात्रणवेडी

ताई, २० स्टिकरांसाठी मशीन घेऊ नका असं मी मनापासून सांगेन. माझ्याकडे आहे आणि मला ते आवडतं, पण ते शिकायलाच दोन आठवडे गेले. छापलेल्या शीटच्या कोपऱ्यांत काळ्या खुणा असतात, मशीन त्या सेन्सरने शोधतं आणि मग कापतं. चकचकीत शीटवर उजेड परावर्तित होऊन त्या खुणा त्याला दिसतच नाहीत. मी कितीतरी शीट वाया घालवल्यावर कळलं की खुणांवर मॅट चिकटपट्टीचा तुकडा लावला की काम होतं.

हाताने कापायचं तर खंड्यासारख्या आकाराला कात्री पुरते. एकच करा: कात्री जागेवर ठेवा आणि कागद फिरवा. डाव्या हातातला कागद सावकाश वळत राहिला की वळण गुळगुळीत येतं. कात्री वळवली की वळणाला कोपरे पडतात. ब्लेड पुरतं बंद करू नका, टोकापर्यंत जायच्या आधीच पुढचा घास घ्या. कात्रीला डिंक चिकटू लागला की स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या.

मुलांना स्टिकर वाटायचे असतील तर मागचा कागद कापायचा नाही, फक्त वरचा थर कापायचा, म्हणजे सोलायला सोपं. पण कटरने ते हाताने जमवायला सराव लागतो. त्यापेक्षा मागच्या कागदावर मधोमध कटरने हलकीशी चीर द्या आणि स्टिकर जरा वाकवा. कागद तिथे उघडतो आणि छोट्या नखांनाही सोलता येतो.

रेघोट्या

दहा दिवसांनी लिहितेय. काकांनी सांगितलं तसंच केलं. किनार ३ मिमी, ‘मॅट फोटो’, रात्रभर वाळवलं, फिल्म लावली. चार कोपऱ्यांच्या चाचणीत ‘मॅट’ चा निळा सगळ्यांत जिवंत आला, लेकीनेच निवडला. रोज धुऊनही तिच्या बाटलीवरचा खंड्या आज आठ दिवस अगदी नवा आहे. तुम्हा सगळ्यांचे खूप आभार.

एक अडचण आहे. तिच्या मैत्रिणीच्या बाटलीवर हाच स्टिकर दुसऱ्याच दिवशी सुटला. शीट तेच, फिल्म तीच. आणि आता लेकीला पारदर्शक शीटवर गव्हाणी घुबड हवंय, पांढऱ्या छातीचं. जमेल का?

जुना मुद्रक

फार बरं वाटलं वाचून.

मैत्रिणीच्या बाटलीच्या तळाशी त्रिकोणातला आकडा बघा. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, २ असेल तर एचडीपीई. या प्लास्टिकांना साधा डिंक नीट धरत नाही. १ आकडा म्हणजे पेट (PET) नावाचं प्लास्टिक, त्यावर आणि गुळगुळीत स्टीलवर छान बसतो. खरखरीत रंग दिलेल्या बाटलीवरही बेताचाच. तिला बाटलीऐवजी वहीसाठी दुसरा द्या.

जिथे डिंक धरतो तिथेही लावायची पद्धत सांभाळा. बाटली साबणाने धुऊन कोरडी करा, मग स्पिरिटने पुसा आणि पुसलेल्या जागेला बोट लावू नका, हाताचं तेल लगेच बसतं. स्टिकर मधून बाहेर दाबत न्या आणि २४ तास पाणी लावू नका. डिंक हळूहळू पकड घेतो. बहुतेक जण लावतात आणि लगेच धुतात. आणि जिथे बाटली वरून खालीही गोल होते तिथे लावू नका, सुरकुती पडते. सरळ भागावरच लावा.

घुबडाचं मात्र पारदर्शक शीटवर जमणार नाही. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. जे पांढरं दिसतं तो कागदाचा रंग असतो. पारदर्शक शीटवर पांढऱ्या जागी काहीच छापलं जात नाही, घुबडाच्या छातीतून बाटली दिसेल आणि गडद बाटलीवर बाकीचे रंगही बुडतील. पांढऱ्या व्हिनाइलवरच छापा. पारदर्शकच हवं असा हट्ट असेल तर तिला काळ्या रेघांत कावळा काढायला सांगा आणि तो फिकट रंगाच्या बाटलीवर लावा.

रेघोट्या

आकडा ५ च निघाला. कावळ्याचं सांगितलं तर ती लगेच पेन्सिल घेऊन बसली. छापला की इथे सांगते.