प्रवचनांकडे दुर्लक्ष नको

कुणीतरी लिहिलंय की एकोणिसाव्या शतकातले कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मगुरू अलेक्झांडर क्रमेल यांच्या कागदपत्रांत बहुतेक हस्तलिखित प्रवचनंच आहेत, त्यामुळे माणूस हाती लागत नाही. मला हे अजिबात पटत नाही.

न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रातले (कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संशोधन-ग्रंथालय) हे कागद त्यांच्या आयुष्याशेजारी ठेवून वाचा. १८१९चा जन्म. १८३५ साली न्यू हॅम्पशायरमधल्या कनान गावी नॉयस अकादमीत शिकायला गेले. काळी-गोरी मुलं एकत्र शिकतात हे गावकऱ्यांना सहन होईना. त्यांनी बैल जुंपले आणि शाळेची इमारत जागेवरून ओढून नेली. सोळा वर्षांच्या मुलावर याचा काय परिणाम झाला असेल?

पुढे न्यूयॉर्कच्या एपिस्कोपल सेमिनरीने, म्हणजे त्या प्रोटेस्टंट पंथाच्या धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाने, प्रवेश नाकारला. फिलाडेल्फियाच्या बिशपने घ्यायची तयारी दाखवली, पण चर्चच्या सभेत जागा मागायची नाही या अटीवर. क्रमेल यांनी ती अट धुडकावली. १८४४मध्ये तरीही ते धर्मगुरू झालेच. मग केंब्रिजची पदवी, पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात जवळपास वीस वर्षं धर्मकार्य आणि अध्यापन, शेवटी वॉशिंग्टन.

ज्याला बोलायची जागाच नाकारली गेली, त्याच्यासाठी व्यासपीठ हीच हक्काची जागा होती. म्हणून त्यांची प्रवचनं मला कोणत्याही रोजनिशीइतकीच खासगी वाटतात. शिक्षण, चारित्र्य, समाजाची जबाबदारी यांवर ते तिथे जीव तोडून बोलतात. लायबेरियाच्या काळातली आधी काढा आणि वॉशिंग्टनची नंतर वाचा, एवढंच सुचवेन.