चाळिशीनंतर व्हायोलिन: बोटांच्या जागी खुणा चिकटवाव्यात का?

प्रश्न:
वयाच्या ४३ व्या वर्षी मी प्रथमच व्हायोलिन हाती घेतले असून त्याला आता चार महिने झाले आहेत. मोकळ्या तारा बऱ्या वाजतात. मात्र बोट ठेवताच सूर कधी चढतो, कधी उतरतो आणि गज मध्येच किंचाळतो. गिटारसारख्या पडद्यांच्या ऐवजी पातळ पट्ट्या चिकटवाव्यात, असे काही जण सुचवतात, तर त्याने कान आळशी होतो, असे इतरांचे म्हणणे आहे. रोज अर्धाच तास मिळतो. तो कशावर खर्च करावा?

पहिले उत्तर:
सुरुवातीला एखाद-दुसरी खूण असायला हरकत नाही, पण वाद्यातच याहून चांगली खूण दडलेली आहे. पाश्चात्त्य पद्धतीने (जी, डी, ए, ई या सुरांत) जुळवलेल्या व्हायोलिनवर डी तारेवर तिसऱ्या बोटाने ‘जी’ हा सूर वाजवा. तो सूर (३९२ हर्ट्झ) अचूक लागला, तर शेजारची मोकळी जी तार (१९६ हर्ट्झ) स्पर्शाविना थरथरू लागते आणि आवाज एकदम भरीव होतो. बोट केसभर सरकले तरी ती गप्प बसते. पट्टी डोळ्यांना जागा दाखवते. सूर लागला की नाही, हे तिला सांगता येत नाही.

दुसरे उत्तर:
माझ्या मते निम्मा वेळ उजव्या हातालाच द्यावा. गजाचे राळ लावलेले केस तारेला धरतात आणि सोडतात. मोकळ्या ए तारेवर हे सेकंदाला ४४० वेळा घडते. गजाच्या वेगाच्या मानाने दाब जास्त झाला तर आवाज चिरडतो आणि कमी पडला तर गज घसरून शीळ घालतो. घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या) जवळ जाल, तसा वेग कमी करून दाब वाढवावा लागतो. आरशासमोर मोकळ्या तारांवर सावकाश, घोडीला समांतर गज ओढणे कंटाळवाणे आहे, हे खरे. पण किंचाळणे त्यानेच थांबते. अंगठा ताठ राहत नाही ना, तेवढे पाहावे.

प्रश्नकर्ती:
जी तारेचा प्रयोग करून पाहिला. बोट कुठेही सरकवले तरी ती हलेना, तेव्हा जुळणी तपासली; तारच उतरलेली निघाली. खुंटी पिळून ती जुळवल्यावर तिसऱ्या प्रयत्नात थरथरली. आता वाजवण्याआधी जुळणी, मग पंधरा मिनिटे फक्त गज.