मोठा कारखाना खान्देशात आणायचा तर सवलत वाढवायची की आधी पाणी-रेल्वे?

तापीकाठ : परवा भाच्याला चाकणच्या गाडीत बसवून आलो. शिंदखेड्याचा पोरगा, आयटीआय फिटर. एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात आईने बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी. बस स्टँडवर त्याच्यासारखे आणखी सहा-सात होते. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या नकाशावर छत्रपती संभाजीनगरजवळचं शेंद्रा-बिडकीन होतं, तसंच धुळे-नरडाणाही होतं. तिकडे ऑरिक हे औद्योगिक शहर उभं राहिलं, २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करने २० हजार कोटींचा करार केला. आपल्याकडे सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही महामार्ग धुळ्यातच एकमेकांना भेटतात, तरी मोठं नाव एकही नाही. माझं म्हणणं सरळ आहे. गुजरात सवलती देताना हात सैल सोडतो, आपणही खान्देशासाठी वेगळं पॅकेज मागितलं पाहिजे.

भुसावळकर : भाऊ, पोराचं वाचून वाईट वाटलं, पण पॅकेजचं पटत नाही. साणंदच्या मायक्रॉनच्या चिप प्रकल्पात खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा आणि २० टक्के गुजरातचा. म्हणजे शंभरातले सत्तर रुपये सरकारचे! या शर्यतीत आपण कुठवर पळणार? वेदांता-फॉक्सकॉन आठवा. सप्टेंबर २०२२ मध्ये १ लाख ५४ हजार कोटींचा त्यांचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून केवढा गदारोळ झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. म्हणजे नुसत्या सवलतीने कारखाना उभा राहतोच असं नाही.

आणि शेंद्रा-बिडकीन नुसत्या सवलतीवर चाललं नाही. तिथे प्लॉट द्यायच्या आधी रस्ते झाले, जमिनीखालून वीज-पाण्याच्या लाइनी गेल्या, मागे जायकवाडी आहे. आमच्याकडे तापी दारातून वाहते आणि उन्हाळ्यात टँकर लागतो. कंपनीचा माणूस पाहणीला आला की पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो.

वाळूजवासी (मूळ अमळनेर) : थोडं मध्ये बोलतो. १९८५ मध्ये बजाज वाळूजला आली, तेव्हा तिथे काय होतं? आज मी ज्या वर्कशॉपमध्ये काम करतो, ते त्या मोठ्या कारखान्यामुळेच चालतं. प्रेस, कास्टिंग, प्लेटिंग, कॅन्टीन, टेम्पो, सगळं त्याच्या मागून आलं. भुसावळकर, साणंदचंच घ्या. २००८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून टाटांची नॅनो गाडी तिकडे गेली. पुढे नॅनो बंद पडली, फोर्डही गेली, पण फोर्डचा कारखाना टाटांनीच घेतला आणि वसाहत टिकली. पहिला मोठा आणायला किंमत मोजावीच लागते.

माझे आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये, कापड गिरणीत होते. मिल बंद पडली आणि अमळनेरची एक पिढी गाव सोडून गेली. त्यामुळे मी सवलतीच्या बाजूने आहे, पण एका कारखान्यावर सगळा गाव टांगायचा नाही, हेही तेवढ्याच ठामपणे सांगतो.

नवापूर बॉर्डर : मी हिशेबाचं काम करतो, म्हणून सवलतीतली एक मेख सांगतो. राज्याच्या योजनेत मोठ्या उद्योगाला एसजीएसटीचा, म्हणजे जीएसटीतल्या राज्याच्या वाट्याचा परतावा मिळतो, पण राज्यात विकलेल्या मालावरच. आमचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. इथल्या मालाची बाजारपेठ सुरत, धुळ्याच्या मालाची इंदूर. तो माल आयजीएसटीत, म्हणजे दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालावरच्या करात जातो, परतावा कुठून मिळणार? शिवाय विदर्भ-मराठवाड्यालाही चढी सवलत आहेच, मग खान्देश का निवडावा? वेगळं मागायचंच असेल तर सीमेवरच्या तालुक्यांसाठी परताव्याचा हा नियम बदलून मागा.

तापीकाठ : नवापूर भाऊ, हे खरंच डोक्यात नव्हतं. पाण्याचंही मान्य. मनमाड-इंदूर रेल्वेला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटर, १८ हजार कोटींवर खर्च. पण तो मार्ग होईपर्यंत भाचा चाकणलाच स्थिरावेल, बायको-पोरंही तिकडचीच होतील. म्हणून मला दोन्ही एकदम हवंय, आधी हे मग ते असं नको.

भुसावळकर : मग मागणीत पहिली ओळ नरडाण्याच्या पाण्याची आणि दुसरी परताव्याच्या नियमाची. एवढं लिहिणार असाल तर माझी सही घ्या.