पुतळ्यांच्या माळेतल्या खऱ्या पुतळ्या कशा ओळखायच्या?

वाटणी_तिघांची
घरात लग्नात घालायची जुनी पुतळ्यांची माळ आहे. 24 नग, रेशमासकट वजन 51 ग्रॅम. सहा पुतळ्या जाडसर, त्यांवर दोन आकृत्या आणि मध्ये काठी. सतरा पातळ, लक्ष्मीचा ठसा असलेल्या. मधोमध घोडेस्वाराची गिनी. तीन भावंडांत वाटणी करायची आहे. सराफ म्हणतात, सगळं आटवू आणि सरसकट 22 कॅरेटनं हिशेब करू. हे योग्य आहे का?

कसोटी
आटवू नका. एकदा मुशीत गेलं की कोणता नग कसला होता हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि तुमच्या माळेत निदान तीन जातींचं सोनं दिसतंय.

जाडसर सहा आधी बघा. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिस प्रजासत्ताकाचं सोन्याचं नाणं, डुकाट. 1284 पासून 1797 मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याचं चित्र जवळपास तेच राहिलं. एका बाजूला डावीकडे उभा संत मार्क, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलेला तिथला प्रमुख, दोघांच्या मध्ये ध्वजाची काठी. काठीला लागून उभी ओळ असते : डी, व्ही, एक्स. कडेला प्रमुखाचं नाव, उदाहरणार्थ 'लुडो मानिन' किंवा 'पाउल रायनेर'. मागे बदामाच्या आकाराच्या चौकटीत येशू आणि भोवती चांदण्या. वजन साधारण 3.5 ग्रॅम, म्हणजे 29 गुंजांच्या आतबाहेर, सोनं 99 टक्क्यांच्या वर, व्यास 20-21 मिमी.

याच्या नकला इथेही भरपूर पडल्या. दहापट भिंगातून अक्षरं वाचा. नकलेत अक्षरांच्या जागी नुसते दांडे आणि ठिपके असतात, आकृत्या काड्यांच्या बाहुल्यांसारख्या होतात. मात्र नकलेचं सोनंही कधीकधी चोख असतं, म्हणून चित्र आणि कस वेगवेगळे तपासा.

कसासाठी पाण्यातलं वजन घ्या. आधी कोरडं वजन, मग पुतळी बारीक दोऱ्यानं पाण्यात टांगून वजन. कोरड्या वजनाला दोन्हींतल्या फरकानं भागा. शुद्ध सोन्याला 19.3 येतं, 22 कॅरेटला 17.5 ते 17.9. इथं काटा 1 मिलिग्रॅमचा लागतो. एवढ्याशा नगाचा फरक जेमतेम 0.18 ग्रॅम असतो, त्यामुळे 10 मिलिग्रॅमच्या काट्यावर एका अंकाची चूक झाली तरी उत्तर एका एककानं हलतं. पृष्ठभागाला बुडबुडे चिकटू नयेत म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका.

ओवायची कडी झाळलेली असते, झाळीचं सोनं हलकं. तेवढ्यानं आकडा 18.9 पर्यंत उतरतो. त्यावरून पुतळी खोटी ठरवू नका.

लक्ष्मीच्या पातळ पुतळ्यांना ही रीत लावू नका. पत्र्यावर ठसा मारून मागून दुसरा पत्रा लावलेला असेल तर आत लाख असते, आकडा फारच खाली येतो आणि सांध्यातून पाणी आत शिरतं.

रेशीमगाठ
वजनं करायच्या आधी माळ उलगडावी लागेल. माळा ओवणाऱ्या पटवेकराकडेच द्या, घरी कात्री लावू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढून घ्या, प्रत्येक नग क्रमांक घातलेल्या वेगळ्या पाकिटात ठेवा. रेशीम आणि गोंड्याचं वजन वेगळं लिहून ठेवा. पॉलिश अजिबात नको, त्यात सोनं झिजतं आणि अक्षरंही बोथट होतात.

वाटणी_तिघांची
केलं. जाडसर पाच कडीसकट 3.68 ते 3.74 ग्रॅम, आकडा 18.9 ते 19.1, अक्षरं वाचता येतात. सहावी 3.56 ग्रॅम, आकडा 17.5, अक्षरांच्या जागी दांडे. पातळ सतरांचं मिळून 19.4 ग्रॅम. गिनी कडीसकट 8.27, साल 1918, सालाच्या वर बारीक 'आय'. रेशीम 1.2. एक भाऊ परदेशात आहे, त्याला पुतळ्या हव्यात.

कसोटी
पाच खऱ्या, सहावी 22 कॅरेटच्या आसपासची नक्कल. कडी वगळून 3.48 ग्रॅमच्या एका खऱ्या पुतळीत 3.45 ग्रॅमहून जास्त शुद्ध सोनं आहे. 22 कॅरेटनं धरलं तर 3.19 च मोजलं जाईल. म्हणजे दर पुतळीमागे दोन गुंजांहून अधिक तोटा. ज्याच्या वाट्याला पातळ नग येतील, त्याच्याबाबतीत तोच हिशेब उलटा होईल. म्हणून ग्रॅम वाटू नका, शुद्ध सोनं वाटा.

पातळ नग हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या. एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी कस तपासणारं यंत्र, वरचा काही मायक्रॉनचा थरच वाचतं, म्हणून मुलामा दिलेला नगही चोख दिसू शकतो. कडी आणि सांधा टाळून दोन्ही बाजूंना वाचन घ्यायला सांगा. शंका राहिली तर एक नग फोडून त्यातल्या लाखेचं वजन करा आणि त्याच सोन्याची आगीतली कसणी करून घ्या. तो एक नग जाईल, पण उरलेल्या सोळांचा दर नक्की ठरेल. घडणावळ धरायची नाही.

जुनी_मोहोर
गिनी म्हणजे सॉव्हरिन, ब्रिटिशांचं सोन्याचं नाणं : 7.988 ग्रॅम, त्यात 7.32 शुद्ध, व्यास 22.05 मिमी. 'आय' ही मुंबईच्या टांकसाळीची खूण. ब्रिटिश काळात मुंबईत सॉव्हरिन फक्त 1918 च्या पडल्या, सुमारे 13 लाख. संग्राहकाला हवीशी आहे, पण कडी झाळलेली असल्यानं मुख्यतः सोन्याच्याच भावाला जाईल. पुतळ्यांचंही तेच. किंमत वाढेल म्हणून कडी काढायला जाल तर डाग उरतो आणि भाव आणखी पडतो.

परदेशातल्या भावाबद्दल : शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं, खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. खऱ्या पाच पुतळ्या आणि गिनी इथल्या दोघांना द्या. त्याच्या वाट्याचं शुद्ध सोनं आजच्या भावानं रोख देऊन टाका.