.३०३ ली-एनफिल्ड: खडकीची जुनी काडतुसं उडवल्यावर नळीला गंज, धुण्याचा क्रम काय?

दमट_ह्यूस्टन: इशापूरची नं. १ मार्क ३ स्टार रायफल आहे, आणि काडतुसं खडकीची, बुडावर 'केएफ' ठोकलेली. कोरोझिव्ह, म्हणजे नळीला गंज आणणारी, आहेत हे माहीत आहे. रेंजवरून आलो की नेहमीचं सॉल्व्हंट फिरवतो, तेल लावतो, तरी दोन-तीन दिवसांनी नळीतून फिरवलेला कापडाचा पॅच तपकिरी निघतो. कोणी म्हणतं काचेचा अमोनियावाला स्प्रे मारा, कोणी म्हणतं उकळतं पाणी ओता. लाकूड नळीच्या टोकापर्यंत असल्याने पाण्याची धास्ती वाटते.

नळीवाला: तुमचं सॉल्व्हंट चांगलं असेल, पण ते या कामाचं नाही. जुन्या प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या बार पेटवणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असतं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे चक्क मीठच, आणि ते नळीभर बसतं. पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटमध्ये किंवा तेलात मीठ विरघळत नाही. वरून तेल लावलं की मीठ खाली झाकलं जातं, बस. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की हे मीठ हवेतलंच पाणी ओढून पातळ होतं, आणि गंज सुरू व्हायला तर त्याहून कमी ओलावाही पुरतो. ह्यूस्टनच्या हवेत वेगळं काही व्हायचं नाही.

अमोनियाने मीठ 'मारलं' जात नाही. त्या स्प्रेत काम करतं ते पाणी. मग सरळ पाणीच घ्या. १०० मिलि पाण्यात २० अंशांना साधारण ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळतं, उकळत्याला ५६. गरम पाण्याचा खरा फायदा वेगळाच: नळी तापते आणि स्वतःच वाळते.

बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) आणि मॅगझिन काढा. नळीचं तोंड खाली बादलीत, रायफल तिरपी. साधं नरसाळं इथे चालत नाही, कारण वर चार्जर ब्रिज (काडतुसांची क्लिप बसवायची पट्टी) आडवा येतो आणि पाणी अॅक्शनमध्ये, म्हणजे बोल्टच्या यंत्रणेत, सांडतं. नरसाळ्याला उष्णता सोसणारी वाकवता येणारी नळी जोडा आणि तिचं टोक चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, घट्ट बसवा. ब्रिटिश फौजेत यासाठी खास नरसाळंच असायचं. एक लिटर उकळतं पाणी, न थांबता. रायफलची नळी हाताला पोळेल, हातमोजे घाला. लगेच कोरडे पॅच, ओल संपेपर्यंत. यात चालढकल केली तर काही मिनिटांत नारिंगी गंज धरतो. त्यानंतर तुमचं सॉल्व्हंट, ब्रश, पुन्हा कोरडे पॅच, शेवटी तेल.

आटे_आणि_खाचा: वरच्यात भर. लाकडात पाणी मुरतं ते बहुधा तोंडाकडून. तोंड वर उचलू नका, आणि ओतून झाल्यावर नोजकॅपच्या (लाकडाच्या पुढच्या टोकावरच्या धातूच्या टोपीच्या) फटीत कापडाची चिंधी सरकवून पुसून घ्या. ओल आत राहिली तर लाकडाखालच्या नळीला बाहेरून गंज चढतो, आणि तो सहसा लाकूड उतरवल्यावरच कळतो.

बोल्ट विसरू नका. प्रायमरचा धूर बोल्टच्या तोंडावर आणि स्ट्रायकरच्या (प्रायमरवर आपटणाऱ्या पिनच्या) भोकात जातो. बोल्ट हेड आट्यावर आहे, हाताने फिरवून निघतं. त्याला गरम पाणी, फुंकर, तेल. स्ट्रायकर काढायला पोकळ तोंडाचं खास हत्यार लागतं, आणि आधी कॉकिंग पीसचा (स्ट्रायकरच्या मागच्या टोकावरच्या तुकड्याचा) छोटा स्क्रू सोडवावा लागतो. हत्यार नसेल तर पकडीने झटापट करू नका. बोल्टवरचा आणि रिसीव्हरवरचा (बोल्ट बसतो त्या सांगाड्यावरचा) नंबर जुळतो ना, हे परत घालताना बघा. दोन रायफली एका टेबलावर असल्या की अदलाबदल होतेच.

दमट_ह्यूस्टन: म्हणजे एकदा धुतलं की मोकळं?

नळीवाला: नाही. गोळीच्या जॅकेटचा धातू खाचांमध्ये चिकटतो आणि त्याखाली मीठ अडकून राहतं. जुन्या शिपायांच्या भाषेत नळीला 'घाम' येतो, तो हाच. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी कोरडा पॅच फिरवून बघा. तपकिरी आला तर आधी तांबं काढणारं सॉल्व्हंट, मग पुन्हा पाण्यापासून सगळं. पॅच काळपट आला तर घाबरू नका, ती काजळी असते.

४बाय२: पाणी गरम करायची सोय रेंजवर नसेल तर एक भाग बॅलिस्टॉल (पाण्यात मिसळणारं बंदुकीचं तेल) आणि दहा भाग पाणी घोटून दुधासारखं करा, बाटलीत न्या. ओल्या पॅचने चार-पाच फेऱ्या तिथेच. घरी येईपर्यंत एवढं पुरतं, पण मग नीट धुवावं लागतंच.

आणि 'केएफ'च्या जुन्या काडतुसांबद्दल एक. चाप ओढल्यावर नुसतं 'टिक' झालं तर बोल्ट उघडू नका. तोंड निशाण्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा. या काडतुसांत उशिरा बार होणं नवलाचं नाही, आणि बोल्ट अर्धा उघडा असताना तो झाला तर काडतुसाची केस तुमच्या तोंडासमोर फुटते.