रोजच्या वापरातल्या गोधडीत सिंथेटिक साड्या घालाव्यात का?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
नमस्कार. सासूबाईंची सुती लुगडी, सासऱ्यांची धोतरे आणि माझ्या बऱ्याच सिंथेटिक साड्या, असा जुनेराचा मोठा गठ्ठा घरी साचला आहे. कापसाचा हंगाम आटोपल्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी त्यातून दोन गोधड्या शिवण्याचा विचार आहे. एक अमरावतीला वसतिगृहात राहणाऱ्या मुलीसाठी आणि दुसरी सासूबाईंसाठी, कारण त्यांना विकतचे ब्लँकेट अंगाला टोचते. यापूर्वी शिवून घेतलेली गोधडी थोड्याच धुण्यांत आतून गोळा झाली. सिंथेटिक कापडामुळे असे होते का?

उत्तर १ (अंजनगाव सुर्जी)
ताई, कापड आणि टाके या दोन्हींमुळे होते. सिंथेटिक साडी सुळसुळीत असल्यामुळे धावदोऱ्याच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत सरकते, आणि भिजलेल्या गोधडीचे वजन एका बाजूला ओढले गेले की तिथेच तिचा बोळा होतो. सुती थर एकमेकांना धरून राहतात, म्हणून त्यांना ओळींमध्ये दोन बोटांचे अंतर चालते. सिंथेटिक आत असेल तर एका बोटापेक्षा जास्त ठेवू नये. शिवाय ते घाम टिपत नाही. सासूबाईंच्या गोधडीत त्याची एक पट्टीही नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

लुगडे मात्र सरसकट वापरू नका. ते उजेडासमोर धरले की बसण्याच्या जागी विरून जाळी झालेली दिसते. तो भाग काढून टाकावा. काठ शेवटपर्यंत दणकट राहतात, म्हणून ते उसवून चारही कडांना गोट लावावा, कारण गोधडी आधी कडेनेच फाटते आणि गोट वेगळा असला की तेवढाच बदलता येतो. धोतरे आतल्या थरात घालावीत, वर लावल्यास मळ लगेच दिसतो. सारवलेल्या ओसरीवर थर अंथरून, सुरकुत्या हाताने काढत, मध्यापासून कडेकडे लांब टाके टाचून घ्यावेत आणि मगच कडेकडून आत येत चौकोनात चौकोन असा धावदोरा घालावा.

उत्तर २ (आर्वी)
मला सिंथेटिक इतके टाकाऊ वाटत नाही. वसतिगृहात गोधडी बादलीत धुवायची आणि दोरीवर वाळवायची असते. वरखाली सुती आणि मधे एकच सिंथेटिक साडी अशी पातळ गोधडी लवकर वाळते, फक्त टाके दाट हवेत. खाटेचे माप मात्र आधी मागवा, कारण घरच्या अंथरुणाच्या मापाने शिवलेली गोधडी खाटेवरून लोंबते. मुलीच्या जुन्या गणवेशाचा तुकडा उशाकडच्या बाजूला लावावा, म्हणजे पायाकडची बाजू तोंडावर येत नाही.

उत्तर ३ (वणी)
पाहुणे आले की गोधड्या माळ्यावर आणि ब्लँकेटे बाहेर, ही रीत मला पटत नाही. चिंध्यांचे वस्त्र पांघरून गावोगाव फिरलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) आपल्याच भागातले, मग ठिगळाची लाज कशाला? आता धुण्याविषयी. जाड गोधडी धुण्याच्या यंत्रात घालू नये, कारण ती पाणी पिऊन एका बाजूला गोळा होते. रिठ्याच्या पाण्यात भिजवून पायाने तुडवावी, पिळू नये, आधी कुंपणावर निथळू द्यावी. वरून कोरडी लागली तरी मधला थर ओला असतो, म्हणून दोन्ही बाजूंनी कडक ऊन दाखवल्याशिवाय घडी घालू नये. लाल आणि गडद निळ्या लुगड्यांचा रंग जातो. ती शिवण्यापूर्वीच वेगळी भिजवून पाहावीत.