‘व्यत्यय’ की ‘अडसर’?

प्रश्न : अकरावीच्या मुलांसाठी मानसशास्त्राची टिपणं काढते आहे. एक आठवण दुसरीच्या आड येते, त्याला एका ठिकाणी ‘व्यत्यय’ म्हटलंय. मुलं लगेच विचारतात, अभ्यास करताना बाहेर स्पीकर वाजला की होतो तोच ना? दुसरा शब्द सुचवाल का?

– मुलांची शंका रास्त आहे, ताई. संस्कृतात व्यत्यय म्हणजे उलटापालटही होते, पण आज आपण ‘पावसाचा व्यत्यय’ एवढंच म्हणतो. तो बाहेरून येतो, चालू काम थांबवतो. इथे तर दोन्ही गोष्टी डोक्यातच असतात.

मी ‘अडसर’ म्हणेन. अडसर म्हणजे मुळात दाराला आतून लावायचा आडवा दांडा. वस्तू घरात असते, दार तेवढं उघडत नाही. आमच्याकडे साखरेचा डबा वरच्या फळीवरून खाली आणला. चार महिने झाले, आईचा हात अजून आधी वरच जातो. हा जुन्याचा अडसर. उलट, दहा वर्षं वापरलेला जुना फोन नंबर कुणी विचारला तर ओठांवर नव्याचेच आकडे येतात. तो नव्याचा अडसर. या दुसऱ्या प्रकाराला म्युलर आणि पिल्झेकर या मानसशास्त्रज्ञांनी 1900 साली जर्मनमध्ये नाव दिलं, त्या नावातल्या ‘हेमुंग’ या शब्दाचा अर्थही रोखणं, अटकाव असाच आहे.

– मग ‘गल्लत’ का नको? रोजचा शब्द आहे.

– गल्लत हा परिणाम झाला. अडसर हे कारण. शिवाय अडसरामुळे प्रत्येक वेळी गल्लत होईलच असं नाही, कधी काहीच आठवत नाही.

– एक भर घालतो. ‘विसर पडणे’ याच्याशीही फरक दाखवा. विसर आपोआप पडतो, काळ गेला म्हणून. निदान आपली भाषा तरी तसं मानते. पतंजलींच्या योगसूत्रात स्मृतीची व्याख्या आहे : ‘अनुभूतविषयासंप्रमोषः स्मृतिः’. संप्रमोषात ‘मुष्’, म्हणजे चोरणे, हा धातू आहे. अनुभवलेलं चोरीला न जाणं म्हणजे स्मृती! चोरी आणि अडसर, दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की मुलांना नेमकं कळेल. जेंकिन्स आणि डॅलेनबाख या मानसशास्त्रज्ञांचा 1924 चा प्रयोगही सांगा : पाठ करून झोपल्यावर कमी विसरलं गेलं, तेवढेच तास जागं राहिल्यावर जास्त. काळ सारखाच, पण जागेपणी नवं नवं येऊन आड बसतं.

– ‘जुन्याचा अडसर, नव्याचा अडसर’ असंच लिहिते. साखरेचा डबाही घेते.